दुखायचं थांबलं, तरी रूट कॅनाल करायचंच का?

काळा_चहा
खालची उजवीकडची मोठी दाढ. आधी गोड खाल्लं की झिणझिणायची, मग गरम चहा चालेना. गेल्या आठवड्यात तर रात्री आडवं झालं की ठणका सुरू, उठून बसलं की जरा बरं. गार पाण्याचा घोट त्या बाजूला धरून बसलो की थांबायचं, पाणी कोमट झालं की परत कळ. ऑफिसात मीटिंगला तोंड मिटून बसलेलो बघून लोकांना वाटलं मी नाराज आहे.

दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाल्या, रूट कॅनाल आणि वर कॅप. तारीख पुढच्या आठवड्याची मिळाली. मधल्या काळात मेडिकलवाल्याने अँटिबायोटिकची एक स्ट्रिप दिली ती संपवली आणि दुखणं साफ गेलं. गार नाही, गरम नाही, काहीच लागत नाही. घरचे म्हणतायत, "आता बरं झालंय ना, मग कशाला उकरून काढतोस?" मलाही पटायला लागलंय.

प्रश्न असा की, यात नेमकं काय करतात? नस काढतात म्हणजे काय काढतात? आणि दुखत नसेल तर थांबलं तर चालेल का? अनुभवी लोकांनी लिहा. घाबरवू नका प्लीज.

खडीसाखर
घाबरवत नाही, फक्त सांगते. माझ्या मावशीचंही असंच "बरं" झालं होतं. दोनेक महिन्यांनी सकाळी उठली तर गाल सुजून डोळा अर्धा बंद.

तिरपागडे
सगळा धंदा आहे हो. आधी फिलिंग, मग रूट कॅनाल, मग कॅप, मग ती कॅप पडली की इम्प्लांट (हाडात बसवलेला नकली दात). आमचे आजोबा पंच्याऐंशीव्या वर्षी ऊस दाताने सोलून खायचे. त्यांनी डेंटिस्टचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेवगा
@तिरपागडे, आजोबांचं तोंड डेंटिस्टनेही पाहिलं नव्हतं, म्हणून आत किती दात उरले होते ते कुणाला कळलं नाही. :)

दंतकथा
मी याच विषयात एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलंय, त्यामुळे जरा लांबण लावते.

दाताच्या वरच्या एनॅमलला संवेदना नसते. त्याखाली डेंटिन आणि डेंटिनच्या पोटात पोकळी. त्या पोकळीत मऊ गर असतो, आम्ही पल्प म्हणतो. रक्तवाहिन्या, नसा, पेशी असं सगळं त्यात आलं. "नस काढली" म्हणतात तेव्हा हा अख्खा गर काढलेला असतो. तो मुळांतल्या बारीक नळ्यांमधून खाली टोकापर्यंत जातो आणि तिथल्या छिद्रातून जबड्यातल्या नसांना, रक्तवाहिन्यांना मिळतो.

कीड गरापर्यंत पोचली की त्याला सूज येते. हात सुजला तर कातडी ताणते, इथे चारी बाजूंनी टणक भिंती. सुजायला जागाच नाही, म्हणून आत दाब वाढतो आणि ठणका लागतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं, म्हणून रात्री हाल.

गार लागून कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर गर बहुधा वाचण्यासारखा असतो. कीड काढून दात भरला की भागतं. कळ अर्धा-एक मिनिट रेंगाळायला लागली, काही न खाता-पिता आपोआप ठणका सुरू व्हायला लागला, गरमाने वाढू आणि गाराने थांबू लागलं, तर गर फार पुढे गेलेला असतो. गार पाण्याची बाटली हातात धरून खुर्चीत बसलेला पेशंट दिसला की आम्हाला अर्धं निदान तिथेच होतं.

काळा_चहा, तुमचं दुखणं गेलं ते बहुधा गर मेल्यामुळे. मेलेल्या नसा दुखत नाहीत. पण जंतू तिथेच आहेत आणि त्यांना आता अडवणारं कुणी नाही, कारण गर मेला म्हणजे त्याचा रक्तपुरवठाही गेला. ते हळूहळू मुळाच्या टोकातून बाहेर पडतात आणि तिथलं हाड विरायला लागतं. एक्स-रेवर टोकाशी काळसर सावली दिसते ती हीच. कधी वर्षानुवर्षं काही होत नाही, कधी हिरडीवर पुळी येऊन पू वाहत राहतो, तर कधी खडीसाखर यांच्या मावशीसारखं होतं.

काळा_चहा
डॉक्टर, खूप आभार. म्हणजे गोळ्यांचा काहीच उपयोग झाला नाही?

दंतकथा
गोळी रक्तातून पोचते. जिथे रक्तच जात नाही तिथे ती कशी पोचणार? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. दाताच्या आतल्या दुखण्याला, दातावर उपचार करता येत असतील तर, बहुतेक वेळा अँटिबायोटिक देऊ नये असं त्यात म्हटलंय. ताप आला, सूज पसरायला लागली तर गोष्ट वेगळी. जबड्याखाली किंवा गळ्याकडे सूज उतरली, तोंड उघडेना, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर धाग्यावर विचारत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. आपल्याकडे दाढ दुखली की मेडिकलमधून स्ट्रिप घ्यायची आणि थांबलं की "गुण आला" म्हणायचं, हे सर्रास चालतं.

संपादक
सभासदांना विनंती: औषधांची नावं आणि डोस इथे सुचवू नयेत.

पिंपळपान
गेल्याच वर्षी केलंय, ताजं आहे. खुर्चीत काय होतं ते सांगते, म्हणजे धास्ती कमी होईल.

आधी हिरडीला गुळगुळीत जेल लावतात, मग भुलीचं इंजेक्शन. खालच्या दाढेला ते पार मागे, जबड्याच्या कोपऱ्यात देतात. थोड्या वेळाने अर्धा ओठ आणि अर्धी जीभ आपली राहत नाही. मग दाताभोवती निळ्या रबराची चादर ताणून बसवतात, तिच्या भोकातून तेवढाच दात वर येतो. ती बसवताना मला जरा गुदमरल्यासारखं वाटलं, पण नाकाने श्वास घ्यायचा हे कळलं की चालतं. वरून भोक पाडतात, तो ड्रिलचा आवाज नेहमीचाच. त्यानंतर मात्र बरंच शांत असतं. केसाएवढ्या बारीक सुया, मुठीला रंग: पांढरी, पिवळी, लाल, निळी. एकेक आत घालून फिरवायची, काढायची, धुवायचं, मग पुढची. मध्येच एक यंत्र बीप-बीप करायला लागलं. मला वाटलं काहीतरी बिघडलं. डॉक्टर म्हणाले, सुई मुळाच्या टोकाशी पोचली की ते सांगतं.

सगळ्यात लक्षात राहिला तो वास. धुण्याचं पाणी म्हणजे बाथरूम धुवायचं ब्लीच असतं तसाच वास. विचारलं तर म्हणाले, बरोबर ओळखलंत.

दुखलं का? इंजेक्शनची टोच सोडली तर नाही. तोंड उघडं ठेवून जबडा मात्र भरून आला. पुढचे एक-दोन दिवस त्या बाजूने चावताना जड वाटत होतं.

तिरपागडे
म्हणजे बोरवेलच की. भोक पाडा, पाइप टाका, पाणी मारा, वर झाकण बसवा. आणि लागलं नाही तर पैसे गेले.

शेवगा
बोरवेलवाला निदान नारळ तरी फोडतो.

दंतकथा
:) पिंपळपान, अगदी बरोबर वर्णन. ते पाणी म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. मेलेला गर विरघळवायला आणि जंतू मारायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही अजून मिळालेलं नाही. नुसत्या सुयांनी काम होत नाही, कारण नळ्या सरळसोट नसतात. त्यांना फाटे असतात, पिळे असतात. सुई जागा करते, खरी सफाई पाण्याने होते.

आणि म्हणूनच ती रबराची चादर, रबर डॅम, हवी. लाळेतले जंतू दातात जात नाहीत, ब्लीच घशात जात नाही, हातातून निसटलेली सुई गिळली जात नाही. सॅनफर्ड बार्नम नावाच्या न्यूयॉर्कच्या दंतवैद्याने १८६४ मध्ये ती पहिल्यांदा वापरली. तरी आपल्याकडे अजून कित्येक ठिकाणी "पेशंटला आवडत नाही" म्हणून टाळतात. दवाखाना निवडताना फरशी किती चकाचक आहे ते बघू नका, रबर डॅम लावता का ते विचारा.

अण्णा_सातारकर
आमच्या वेळी दाढेत औषध भरून पाठवायचे आणि सांगायचे, नस मरू दे, मग या. ते काय असायचं?

दंतकथा
अण्णा, तो बहुधा आर्सेनिकचा लेप. गर मारण्यासाठी जुन्या काळी वापरायचे. तो बाजूने झिरपला तर हिरडी आणि हाडही मारायचा. आता भूल चांगली मिळते, त्यामुळे त्याची गरज नाही.

मुळाक्षर
अवांतर आहे, पण राहवत नाही. साफ केलेल्या नळीत शेवटी काय भरतात माहितीये? गटापर्चा. मलय भागातल्या एका झाडाचा चीक. रबराचा चुलतभाऊ म्हणा, पण गरम केला की मऊ आणि गार झाला की पुन्हा टणक. १८४३ मध्ये सिंगापूरच्या एका सर्जनने, विल्यम मॉन्टगोमेरीने, तो लंडनला पाठवला आणि तिथे धूमच झाली. गोल्फचे चेंडू झाले. समुद्राच्या पाण्यात तो कुजत नाही आणि वीज अडवतो हे कळल्यावर तारायंत्राच्या समुद्राखालच्या केबलींवर त्याचंच वेष्टण चढायला लागलं. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबईपासून एडनमार्गे सुएझकडे जी केबल टाकली, तिच्यातही तोच. या केबलींपायी मलय जंगलातली झाडंच्या झाडं तोडली गेली.

आता त्याच चिकाची काडेपेटीतल्या काडीहून बारीक, गुलाबी-केशरी कांडी आपल्या दाढेत.

काळा_चहा
@मुळाक्षर, एवढं ऐकून आता करून घ्यावंसं वाटायला लागलंय.

आंबोशी
अवांतरावरून आठवलं. आमच्या गावी दाढ दुखली की एक बाई यायच्या. रिंगणीच्या वाळक्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या, वर नळी धरून धूर तोंडात घ्यायचा आणि खाली पाण्याच्या ताटात बारीक पांढरे "किडे" पडायचे. आजी शपथेवर सांगायची की तिच्या दाढेतले सोळा किडे तिने डोळ्यांनी पाहिले. हे काय असावं?

दंतकथा
त्या बियांतलेच पांढरे कोंब. तापल्यावर बी फुटतं, आतला वाकडा कोंब बाहेर पडतो आणि पाण्यात अळीसारखा दिसतो. युरोपातही दुसऱ्या एका झाडाच्या बियांनी हाच खेळ चालायचा. दातात किडे नसतात हे पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या ग्रंथात लिहून ठेवलंय. ठणका थोडा वेळ थांबल्यासारखा वाटत असेल, पण तो लवंगेच्या तेलानेही थांबतो. कीड तिथेच राहते.

आंबोशी
आजीला हे सांगायची हिंमत तेव्हाही नव्हती. :)

लीड्सकर
इकडचं सांगतो. इंग्लंडात एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवेत) उपचारांच्या दरांचे पट्टे ठरलेले. २०२४ मध्ये रूट कॅनाल दुसऱ्या पट्ट्यात, ७३.५० पौंड. कॅप तिसऱ्या पट्ट्यात, ३१९.१०. एकाच उपचारात दोन्ही झालं तर फक्त तिसऱ्याचे लागतात. ऐकायला स्वस्त, पण एनएचएसवर नवा पेशंट घेणारा डेंटिस्ट सापडला तर! सापडला तरी मागच्या दाढेला "स्पेशालिस्टकडे खासगीत जा" म्हणतात आणि तिथला आकडा ऐकला की पुण्याचं तिकीट काढावंसं वाटतं. ओळखीचे निम्मे लोक डिसेंबरात लग्नाला येतात आणि दाढ करून जातात.

खडीसाखर
पुण्यात तरी काय कमी? मला एकाने दाढेचे साडेतीन हजार सांगितले, दुसऱ्याने नऊ. कॅप वेगळी. एवढा फरक कसा काय?

दंतकथा
कोण करणार आहे (नेहमीचा बीडीएस डेंटिस्ट की रूट कॅनालचा स्पेशालिस्ट), कशाने करणार, वेळ किती देणार, दवाखाना कुठे आहे, सगळं त्यात येतं. स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. साध्या समोरच्या दातासाठी नेहमीचे डॉक्टर पुरेसे असतात. मागची वाकड्या मुळांची दाढ किंवा एकदा फसलेलं काम असेल तर स्पेशालिस्ट बरा.

पैशांची अडचण असेल तर डेंटल कॉलेज. मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी, मुंबई सेंट्रलचं नायर. नागपूर आणि संभाजीनगरलाही सरकारी आहेत. विद्यार्थी करतात, पण मागे शिक्षक उभे असतात आणि प्रत्येक टप्पा तपासून घ्यावा लागतो. वेळ मात्र भरपूर जातो.

गोंयकार
गोव्यात बांबोळीला. सकाळी लवकर जाऊन नंबर लावायचा, पुस्तक घेऊन जायचं. काम चोख.

सांजवात
विषय निघालाच आहे तर विचारते. व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ फिरतोय की रूट कॅनाल केलेल्या दातातून विष पसरतं आणि कॅन्सर होतो. माझ्या नणंदेने त्यापायी चांगली दाढ काढायला लावली.

दंतकथा
हे शंभर वर्षांपूर्वीचं भूत आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने १९१० मध्ये मॉन्ट्रियलला भाषण दिलं, खराब दंतकामाखाली लपलेले जंतू अनेक आजारांचं मूळ आहेत म्हणून. मग अमेरिकेत वेस्टन प्राइसने असे दात सशांच्या कातडीखाली बसवले, ससे आजारी पडले आणि रूट कॅनाल बदनाम झालं. लोकांचे चांगले दात सरसकट उपटले गेले. पुढे लक्षात आलं की त्या प्रयोगांत स्वच्छता आणि तुलना दोन्ही नीट नव्हत्या. नंतरच्या संशोधकांना तसे निष्कर्ष मिळाले नाहीत. रूट कॅनालने कॅन्सर होतो याला पुरावा नाही. सडका दात तसाच ठेवणं मात्र वाईट, विशेषतः मधुमेह असेल तर. जंतुसंसर्गात साखर आटोक्यात राहत नाही.

अण्णा_सातारकर
मी दाढ काढली. भूल, पाच मिनिटं, कापूस दाबून घरी. त्याला बारा वर्षं झाली. भाकरी खातो, शेंगदाणे खातो. एवढा खर्च आणि फेऱ्या कशासाठी हे मला अजून पटलेलं नाही. सगळ्यांनाच इम्प्लांट परवडत नाही आणि गरजही नाही.

पिंपळपान
अण्णा, पण शेजारचे दात रिकाम्या जागेत कलंडतात ना? आमच्या सासूबाईंची समोरची वरची दाढ खाली उतरून आलीय.

अण्णा_सातारकर
माझी कलंडली असेल, मी कुठे आरशात बघतो!

दंतकथा
अण्णांचं अगदीच चूक नाही. मूळ उभं चिरलं असेल, हिरडीच्या रोगाने हाडच गेलं असेल, वर कॅप धरायला दात शिल्लक नसेल, किंवा अक्कलदाढ असेल तर मीही काढायलाच सांगते. मरणाऱ्या दातावर पैसे घालू नयेत. पण दात वाचण्यासारखा असेल तर स्वतःच्या मुळाची सर कशाला नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील त्यांना तर दात काढण्यापेक्षा रूट कॅनाल सोपं, रक्तस्रावाची भीती कमी.

वाट_चुकलेला
माझं केलेलं रूट कॅनाल फसलं, त्याबद्दल कुणी बोलत नाहीये. वरची मोठी दाढ. केल्यावर वर्षभर ठीक, मग चावलं की दुखायला लागलं, हिरडीवर फोड. ज्यांनी केलं ते म्हणायचे एक्स-रे छान आहे. दुसरीकडे थ्रीडी स्कॅन काढला तर एक नळी उघडलीच नव्हती. मायक्रोस्कोपखाली पुन्हा सगळं काढून भरलं. आता ठीक आहे, पण दुप्पट भुर्दंड. आणि पहिल्याने साधं "सॉरी" म्हटलं नाही.

दंतकथा
वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला मुळं तीन, पण नळ्या बहुतेकदा चार. चौथी गालाकडच्या पुढच्या मुळात लपलेली असते, तिला आम्ही एमबी-टू म्हणतो आणि तिने भल्याभल्यांना चकवलंय. साध्या एक्स-रेत एकामागे एक आल्यामुळे ती दिसत नाही. राग रास्त आहे. नळी राहणं हा प्रत्येक वेळी हलगर्जीपणा नसतो, पण पेशंट दुखतंय म्हणत असताना "एक्स-रे छान आहे" हे उत्तर नव्हे.

म्हणून सगळ्यांना सांगते: आधीचा, सुया आत असतानाचा आणि भरल्यानंतरचा, तिन्ही एक्स-रे मागून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. कुठलाही नीट डॉक्टर नाही म्हणणार नाही.

तिरपागडे
हे आवडलं. धंदा आहे हे मत कायम, पण हे एक्स-रेचं आवडलं.

शेवगा
तिरपागडे यांना काहीतरी आवडलं. वाचनखूण साठवली.

खडीसाखर
एक बारीक शंका. एका बैठकीत करतात ते बरं की तीन-चार बैठकांत?

दंतकथा
दोन्ही चालतं. नळी कोरडी होत असेल तर एकाच वेळी संपवता येतं. पू येत असेल तर मध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साइड (जंतू मारणारं औषध) भरून काही दिवस ठेवतात. मात्र मधल्या काळात तात्पुरतं सिमेंट पडलं तर लगेच जा. ते उघडं राहिलं तर लाळ आत जाते आणि केलेलं पाण्यात.

काळा_चहा
अपडेट. आज जाऊन आलो. डॉक्टरांनी कापसावर गार स्प्रे मारून शेजारच्या दातांना लावला तर टुणकन उडालो, त्या दाढेला लावला तर काहीच नाही. आरशाच्या दांड्याने टकटक केलं तेव्हा मात्र खोलवर दुखलं. दंतकथा म्हणाल्या तशी टोकाशी सावली आहे, अजून लहान आहे. घरच्यांना एक्स-रे दाखवला, ते गप्प झाले. मंगळवारी सुरू करतोय. रबर डॅम विचारला, "लावतोच" म्हणाल्या आणि जरा चमकून बघितलं.

आता पुढचा घोळ कॅपचा. धातूची स्वस्त, वर पोर्सेलिनवाली मधली, झिरकोनिया (पांढरी सिरॅमिकची) महाग. मागच्या दाढेला कोण बघतंय? आणि कॅप घातलीच नाही तर?

दंतकथा
घालाच. किडीने आणि आमच्या भोकाने दाढ पोखरलेली असते, चावण्याचा जोर आला की भिंत उभी फुटते. मग काढण्यावाचून इलाज नाही. समोरच्या दातांना, फारसे झिजले नसतील तर, नुसतं भरूनही चालतं. मागच्या दाढेला अख्ख्या धातूची उत्तम, दातही कमी घासावा लागतो. पोर्सेलिनचा टवका उडू शकतो. झिरकोनिया मजबूत आहे, दिसायलाही बरी. फक्त कडा हिरडीशी नीट बसते ना ते बघून घ्या, आणि फ्लॉस (दातांच्या फटीतून फिरवायचा दोरा) अडकत असेल तर चिकटवण्याआधीच सांगा.

अण्णा_सातारकर
माझ्या साडूंनी सोन्याची बसवली होती, १९८० च्या सुमारास. अजून आहे.

शेवगा
आजच्या भावात अण्णा, साडूंना तोंड मिटून हसायला सांगा.